भिन्न नळ, अवघड जोड

हिंजवडीतील एखाद्या उंच गृहसंकुलात टँकरने आलेले किंवा बोअरवेलमधून उपसलेले पाणी जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर चढून स्वयंपाकघरातील नळाला येईपर्यंत तीन-चार जातींच्या पाइपांतून वाहते. पंपाजवळ बहुधा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पाइप असतो, गच्चीवरून उतरताना यूपीव्हीसी हे कडक प्लास्टिक, फ्लॅटच्या भिंतीत गरम पाणी सोसणारे सीपीव्हीसी, आणि अनेक सोलर हीटरच्या तापपट्टीत तांब्याच्या नळ्या. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आल्यानंतर मुळशी तालुक्यातील या गावाच्या गावठाणातही जुन्या घरांवर भाड्याच्या खोल्यांचे मजले चढले आणि जुन्या जीआयला नवे प्लास्टिक जोडले गेले. सरळ पाइप सहसा मधोमध फुटत नाही. जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो तिथे गळती लागते, आणि तिचा दोष अनेकदा मालाचा नसून जोड निवडण्याचा असतो.

पहिली अडचण मापाची. दुकानात दोन्ही ‘अर्धा इंची’ म्हणून मिळत असले, तरी जीआय पाइपचा बाह्य व्यास सुमारे २१ मिलिमीटर असतो आणि तांब्याच्या नळीच्या मापपद्धतीने बनणाऱ्या सीपीव्हीसीचा १५.९ मिलिमीटर, त्यामुळे एक दुसऱ्याच्या सॉकेटात बसत नाही. चिकटवण्याच्या पद्धतीही एकमेकींशी जुळत नाहीत. सीपीव्हीसीचे सोल्व्हेंट सिमेंट हा साधा गोंद नसून ते प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करते. पीपीआर आणि एचडीपीई या प्लास्टिकांवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून पीपीआरचे तुकडे सुमारे २६० अंश सेल्सियसला तापवून सांधावे लागतात. धातूला तर यांपैकी काहीच लागू पडत नाही. म्हणून भिन्न पदार्थांची गाठ शेवटी आट्यांवर, युनियनवर किंवा फ्लँजवर, म्हणजे यांत्रिक पकडीवर येते.

आट्यांच्या जोडात एक नियम फार मोलाचा आहे, आणि घाईच्या कामात तोच सर्वाधिक मोडला जातो. जीआयचे आटे निमुळते असतात. ते प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत पान्याने पिळत नेले की पाचरीसारखे काम करतात, प्लास्टिकचे सॉकेट ताणले जाते आणि त्याच दिवशी नाही, तर काही महिन्यांनी त्याला उभी चीर जाते. म्हणून जिथे धातूचे आटे आत शिरणार आहेत, तिथे पितळी आटे बसवलेलीच सीपीव्हीसी फिटिंग वापरणे आवश्यक असते. तिची किंमत अधिक असली तरी टाइल फोडण्याच्या खर्चापुढे ती नगण्य आहे. आट्यांवर टेफ्लॉन टेप पुरते, कारण काही तेलयुक्त लेप सीपीव्हीसीला हळूहळू ठिसूळ करून तडे पाडतात.

दोन धातू भेटतात तेव्हा प्रश्न विद्युत-रसायनाचा होतो. तांबे आणि जस्त पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि दोघांतील अधिक क्रियाशील धातू, म्हणजे जस्त आणि त्यानंतर पोलाद, झिजत जातो. पाण्यात क्षार जितके जास्त तितका हा प्रवाह सुकर होतो, म्हणून बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्या इमारतींनी याकडे विशेष लक्ष द्यायला हवे. दोन धातू थेट न भिडवता मध्ये रबरी गॅस्केट आणि प्लास्टिकची बाही असलेले विद्युतरोधक युनियन बसवणे, हा त्यावरचा उपाय. परंतु तेवढ्याने सारे भागत नाही. तांब्यातून वाहणारे पाणी तांब्याचा अंश बरोबर नेते, तो पुढच्या जीआयच्या आतल्या जस्तावर बसतो आणि तिथे खड्डे पडतात. म्हणून प्रवाहात जीआय आधी आणि तांबे नंतर असावे. सोलरचे पाणी पंपाने परत फिरवणाऱ्या रचनेत मात्र आधी-नंतर असे काही उरतच नाही, आणि अशा वर्तुळात जीआय न ठेवणेच शहाणपणाचे.

उष्णतेने होणारे प्रसरण हेही जोडाला तितकेच छळते. दहा मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला तर पोलाद सुमारे ५ मिलिमीटर वाढते, सीपीव्हीसी २५ आणि साधे पीपीआर ६०. ही वाढ सामावण्यासाठी वळण किंवा सैल आधार दिला नाही, तर तो सारा रेटा धातूजवळच्या जोडावर येतो.

जुन्या घरात प्लास्टिकचा तुकडा घालण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी, कारण येथे प्रश्न पाण्याचा नसून जिवाचा आहे: विजेची अर्थिंग पाण्याच्या जीआय पाइपला जोडलेली असेल, तर मध्ये सीपीव्हीसी येताच तो मार्ग तुटतो आणि गिझरमधील बिघाडाचा प्रवाह जमिनीत न जाता नळाच्या धातूत थांबू शकतो. आधी स्वतंत्र अर्थिंग करावी, मगच पाइप कापावा.

भिन्न पदार्थांचे जोड भिंतीत न पुरता शाफ्टमध्ये किंवा उघडता येईल अशा झडपेमागे ठेवावेत, आणि टाइल बसण्यापूर्वी नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने वाहिनीची चाचणी घ्यावी. नव्या फ्लॅटमध्ये ही चाचणी रहिवाशाच्या हाती नसते. मात्र स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष कळवल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो, आणि धातूंची झीज पुष्कळदा ही मुदत संपत येतानाच दिसू लागत असल्याने सोसायटीने शाफ्टमधील प्रत्येक जोड पाचवे वर्ष उलटण्यापूर्वी पाहून घ्यावा.