नेमका तोच बंध तोडणारे एन्झाइम

पावसाळा लागला की पेण-रोह्याच्या औषधांच्या दुकानांतून अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल घरोघर जातात. बुरशी हे औषध थेट देत नाही, ती देते पेनिसिलिन. त्याच्या बाजूची साखळी काढून तिथे दुसरी जोडली की अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन तयार होते. पेणच्या कारखान्यांत गणपतीचे धड तेच ठेवून वेगळ्या साच्यातले हात बसवतात, तसे हे काम. या धडाचे नाव ६-एपीए.

अडचण अशी की पेनिसिलिनमध्ये अमाइड बंध दोन आहेत. एक साखळीचा, दुसरा चार अणूंच्या ताणलेल्या कड्यातला. जंतू मारायची ताकद त्या कड्यात, आणि नाजूकही तेच. कडे राखून साखळी तोडायची रासायनिक रीत सापडली खरी, पण तिला शून्याखाली ४० अंशांची थंडी, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि डायक्लोरोमिथेन लागे. जीवाणूंचे पेनिसिलिन असायलेज हे एन्झाइम तेच काम पाण्यात, अंगाच्या तापमानाच्या आसपास करते. धाटावच्या रासायनिक वसाहतीशेजारी, कुंडलिकेकाठी राहणाऱ्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

अशा एका एन्झाइमची घडण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने उलगडली. सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि यॉर्क विद्यापीठाचे गाय व एलिनॉर डॉडसन यांच्या गटाने बॅसिलस स्फेरिकस या जीवाणूच्या पेनिसिलिन व्ही असायलेजची स्फटिकरचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रथिनाचे स्फटिक वाढवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा गणिताने काढायच्या. यात स्फटिक वाढवणेच सर्वांत चिवट काम. प्रथिनाचे रेणू सहजी रांगेत बसत नाहीत.

दिसले ते विलक्षण होते. प्रथिनाच्या चार सारख्या साखळ्या आणि प्रत्येकीच्या पहिल्याच टोकाला सिस्टीन हे अमिनो आम्ल. आरंभीचे तीन दुवे गळले की ते उघडे पडते आणि त्यातला गंधकाचा अणू पेनिसिलिनच्या साखळीचा बंध तोडतो. आतड्यातल्या जीवाणूंची पित्तक्षार तोडणारी एन्झाइमे याच कुळातली, हेही या रचनेमुळे कळले.

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुण्यात हे ज्ञान घडले, तरी ६-एपीएसाठी देश चीनच्या आयातीवर विसंबला. २०२० मध्ये सरकारला, ज्यापासून ६-एपीए बनते त्या पेनिसिलिन जीचे नाव उत्पादन-प्रोत्साहन योजनेत घालावे लागले. हा निर्णय फार उशिरा आला, असे माझे स्पष्ट मत आहे.