फ्लिंटच्या नळाचं पाणी
अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट हे गरीब शहर. निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची. एप्रिल २०१४ मध्ये, राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या कारकिर्दीत, खर्च वाचवायला शहराला फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं. ते पाइप खाणारं होतं, तरी गंज रोखणारं रसायन त्यात घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पोराबाळांच्या रक्तात उतरलं. लोक नळाचं तांबूस पाणी बाटल्यांत भरून सभेत दाखवत. पाणी सुरक्षित आहे, हेच उत्तर मिळे. इंजिनाचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वापरणं थांबवलं. माणसांना मात्र आणखी वर्षभर तेच मिळत राहिलं; याने आजही जीव तळमळतो. मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने २०१७ मध्ये या संकटामागे व्यवस्थेत मुरलेला वंशभेद असल्याचं नोंदवलं.