आठशे मीटर तारेवरची झोप

सहा फूट बाय सव्वासहा फूट. डबल बेडची स्प्रिंगची गादी बहुधा याच मापाची असते. तिचं कापड उसवलं आणि फोमचा थर बाजूला सारला, की आत आडव्या २१ आणि उभ्या २२ रांगांत मिळून ४६२ स्प्रिंगा उभ्या दिसतात. कारखान्यागणिक हा आकडा मागेपुढे होतो. मी दर ८७ मिलीमीटरला एक स्प्रिंग धरली आहे, नेहमीच्या मजबूत गादीत ती साधारण तेवढ्याच अंतरावर असते. डमरूसारख्या, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशा एका स्प्रिंगेला सुमारे १.१ मीटर तार लागते.

आता बेरीज करू. स्प्रिंगांची तार ५०८ मीटर. या स्प्रिंगांना वरच्या आणि खालच्या अंगाने एकमेकींशी शिवणारी बारीक मळसूत्री तार २७८ मीटर, तिचे फेरे मोजले तर आठ हजारांच्या वर जातात. चारही कडांनी वरून-खालून फिरणारी चौकटीची जाड तार १५ मीटर. एकूण सुमारे ८०० मीटर. अशा पावणेनऊशे गाद्यांची तार सरळ करून एकापुढे एक जोडली, तर नागपूरहून निघून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरते. पावणेनऊशे गाद्या म्हणजे काही फार नाहीत. एखाद्या मोठ्या गावातल्या घरांना एकेक दिली तरी संपतील.

एवढ्या तारेचं वजन भरतं २० किलो. ते सगळं पोलाद वितळवून ओतलं तर जेमतेम अडीच लिटर होईल. गादीचा स्प्रिंगांचा भाग १५ सेंटिमीटर उंच धरला तर त्याने व्यापलेली जागा मात्र ५२० लिटरांची. म्हणजे ज्याच्यावर आपण अंग टाकतो, त्यातला साडेनव्याण्णव टक्के भाग निव्वळ हवा आहे. पोलाद आहे अर्धा टक्का. हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासून पाहिला, कारण पाठीला ती गादी भरीव वाटते.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात या हवेला मोल आहे. कोंढा-कोसरा हा धानाचा मुलूख. विदर्भातला वैशाख म्हणजे रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. म्हणून तर इथे बाज अंगणात निघते. लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून विणलेली सुतळी किंवा नवार, खालून वारा मोकळा. कापसाची गादी हिवाळ्याची. पोरीच्या आंदणात दिवाण आणि त्यावर स्प्रिंगची गादी देण्याची चाल खेड्यांत रुजली ती अलीकडे. मला या दोन वस्तूंत नातं दिसतं. बाजही चौकट आणि ताण यांच्यावरच उभी आहे. सुतळी सैल पडली की घरातला कुणीतरी पायथ्याची दोरी ओढून ती पुन्हा ताणतो. सरकारी दवाखान्यांतली जुनी लोखंडी खाट हा या दोन्हींमधला टप्पा. अँगलची चौकट, मध्ये तारेची जाळी आणि जाळीच्या टोकांना चौकटीशी बांधणाऱ्या छोट्या ताणाच्या स्प्रिंगा. तिथे स्प्रिंग ओढली जाते, गादीत ती दाबली जाते. एवढाच फरक.

एक स्प्रिंग हातात घेऊन पाहा. वजन ३३ ग्रॅम. तार २.२ मिलीमीटर जाड, म्हणजे १३ आणि १४ गेजच्या मधली. दोन्ही टोकांना तार स्वतःच्याच वेढ्याभोवती दोन-तीन फेरे घेऊन गाठ मारते, म्हणजे टोक सुटून कापड फाडत नाही. हीच तार सरळ करून छताला टांगली तर ती किती वजन पेलेल? चांगल्या पोलादी तारेची ताकद दर चौरस मिलीमीटरला १६०० न्यूटन धरली, तर तुटण्याआधी सहाशे किलोंच्या वर. सहा क्विंटल धान एका तारेला टांगता येईल. तीच तार वळवून स्प्रिंग केली, की अवघ्या एका किलोने ती चार-साडेचार सेंटिमीटर दबते. पोलाद तेच, जाडी तीच. मग ही मऊपणाची किमया कुठून येते?

ती पिळातून येते. स्प्रिंग वरून दाबली तरी तिच्यातली तार दाबली जात नाही. ती स्वतःच्या अक्षाभोवती पिळली जाते. ९०० ग्रॅमच्या भाराखाली तारेच्या दर सेंटिमीटरला बसणारा पीळ एक अंशाहूनही कमी असतो, डोळ्याला दिसणारच नाही. पण वेढ्यांतल्या ९४ सेंटिमीटर तारेवर तो साठत साठत ८० अंशांपर्यंत जातो आणि तोच आपल्याला चार सेंटिमीटरचा दाब म्हणून जाणवतो. हा मऊपणा सगळा लांबीतून आला आहे. भार आणि त्याने होणारं दबणं किंवा ताणलं जाणं यांचं प्रमाण सरळ असतं हे रॉबर्ट हुक यांनी १६७८ साली छापून मांडलं. गादीच्या हिशोबाचा पाया अजून तोच आहे.

सर्वांत चकित करणारा आकडा मात्र जाडीचा. स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १४ गेजची तार २.०३ मिलीमीटर, १३ गेजची २.३४. फरक मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण या एवढ्याशा फरकाने स्प्रिंग पाऊणपटीने ताठ होते, म्हणजे १०० च्या जागी १७५. उलट बाजूने, वेढ्याची रुंदी निम्मी केली तर ताठपणा आठपट. दोन गाद्या दुकानात शेजारी ठेवल्या, वरचं कापड एक, फोम एक, स्प्रिंगांची संख्या एक, आणि तारेत फक्त एका गेजचा फरक, तरी त्या दोन वेगळ्याच वस्तू असतात. भंडाऱ्याला किंवा नागपूरला गादी घ्यायला जाणाऱ्याने कापडाच्या फुलांआधी गेज विचारावा, आणि एवढं लक्षात ठेवावं की गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. पुष्कळांची इथे उलटी समजूत असते.

आता झोपणारा माणूस. साठ किलोचं अंग आडवं झालं की गादीचा साधारण अर्धा चौरस मीटर भाग त्याच्याखाली येतो. त्यात ६५ च्या आसपास स्प्रिंगा. एकीच्या वाट्याला सरासरी ९२० ग्रॅम. कमरेखालच्या स्प्रिंगांना जास्त, गुडघ्यांखालच्यांना कमी, पण सरासरी एवढीच. या भाराने तारेत निर्माण होणारा ताण दर चौरस मिलीमीटरला १३० न्यूटनच्या आसपास, तिच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते.

तोच माणूस सकाळी उठून कडेवर बसला की चित्र पालटतं. साठ किलो आता डझनभर स्प्रिंगांवर येतात, एकीवर पाच किलो. हिशोबाने तिला २३ सेंटिमीटर दबावं लागेल आणि उंचीच आहे १५. म्हणजे ती पार बसली, माणूस थेट फळीवर. धातूच्या चौकटीचं काम इथे कळतं. कडेची तार साधारण चार मिलीमीटर जाड असते, स्प्रिंगेच्या तारेच्या दुपटीहूनही कमी. पण वाकण्याच्या बाबतीतही चौथा घातच लागू होतो, म्हणून ती अकरापट ताठ. एका जागी आलेला भार ती आजूबाजूच्या तीसेक स्प्रिंगांवर पसरवते. एकीवर दोन किलो, दबणं नऊ सेंटिमीटर. वीस किलोंच्या सांगाड्यात चौकटीचा वाटा दीड किलोचा, पण ती नसेल तर कडेच्या रांगा दोन-तीन वर्षांत बसतील आणि मधली गादी शाबूत असूनही माणूस रात्री उतारावरून घरंगळल्यासारखा कडेला येत राहील. चौकट आणि कडेची स्प्रिंग यांना जोडणाऱ्या पत्र्याच्या छोट्या क्लिपा असतात. गादी करकर वाजू लागली की आधी त्यांच्याकडे पाहावं.

या वस्तूचं वय फार नाही. स्प्रिंगच्या गादीच्या शोधाचं श्रेय १८७१ साली जर्मनीतल्या हाइनरिख वेस्टफाल यांना दिलं जातं. त्याआधी स्प्रिंगा बग्गीच्या बैठकीत आणि खुर्चीत शिरल्या होत्या. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवायची कल्पना जेम्स मार्शल यांची, एकोणिसावं शतक संपता संपता आलेली. त्या गादीत एकाने कूस बदलली तरी शेजारच्याला हादरा जात नाही, पण शेकडो पिशव्या हाताने शिवाव्या लागत. १९२५ साली अमेरिकेत सिमन्स कंपनीने हे काम यंत्रावर आणलं. आजचं यंत्र मिनिटाला शंभराच्या आसपास स्प्रिंगा वळतं, म्हणजे आपल्या ४६२ पाच मिनिटांत तयार.

पोलादाच्या पोटात शिरलं की आकडे आणखी दूर नेतात, आणि तिथे भंडारा जिल्हाच भेटतो. ही तार जन्मते ती साडेपाच मिलीमीटर जाडीच्या सळीतून. आठ-दहा साच्यांच्या भोकांतून ओढत ओढत ती २.२ वर आणतात. एक मीटर सळीची सव्वासहा मीटर तार होते आणि ओढण्याच्या या कष्टातच तिची ताकद वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली हे पोलाद पानांच्या गठ्ठ्यासारखं दिसतं. मऊ लोह आणि कठीण कार्बाइड यांचे एकाआड एक थर, दोन थरांमधलं अंतर मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं. एका तारेच्या जाडीत असे वीस हजारांवर थर मावतात. त्यात कार्बन असतो शेकडा ०.७ च्या आसपास, म्हणजे लोहाच्या तीस अणूंमागे एक.

आणि असतं मॅंगनीज, शेकडा ०.६ धरू. पोलादातला गंधक बांधून ठेवायला आणि त्याला चिवटपणा द्यायला ते लागतंच. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॉयल कंपनीच्या खाणींतून हेच खनिज निघतं, चिखल्याला जमिनीच्या पोटातून, डोंगरीला उघड्या खाणीतून. जिल्ह्याच्याच वरठी गावी सनफ्लॅगच्या कारखान्यात गाड्यांच्या पाट्यांना लागणारं स्प्रिंग स्टील तयार होतं. ते गादीच्या तारेहून वेगळं, पण गोत्र एकच. एका स्प्रिंगेत मॅंगनीज किती? ०.२ ग्रॅम. बोटाच्या टोकावर मावेल. त्यातले अणू जगातल्या ८०० कोटी माणसांत सारखे वाटले तर प्रत्येकाला २७ हजार कोटी येतील. एका स्प्रिंगेतले. अशा ४६२ आहेत.

झोपेचा हिशोब राहिला. माणूस रात्रीत वीसदा कूस बदलतो असं धरलं तर दहा वर्षांत ७३ हजार वेळा. दर वेळी साठेक स्प्रिंगांवरचा भार हलतो, म्हणजे एकाच माणसाच्या झोपेत स्प्रिंगांना ४४ लाख दाब बसतात. युरोपात गादीची चाचणी घेताना सुमारे १४० किलोंच्या भाराचा रूळ तिच्यावरून ३० हजार वेळा फिरवतात. अमेरिकी चाचणीत रूळ हलका, पण फेऱ्या एक लाख. गंमत अशी की यात तार क्वचितच तुटते. आधी फोम बसतो, कापड सैल होतं, शिवणीची तार घासते. पोलाद आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यावर काम करत असतं, त्याला थकायला कारणच नसतं. गादी खराब झाली म्हणून टाकतात तेव्हा तिच्यातल्या बहुतेक स्प्रिंगा धडधाकट असतात. पिंजारी कापूस पुन्हा पिंजून देत असे, तशी सोय या गादीला आपल्याकडे सहसा नसते. ती व्हायला हवी. वरचे थर बदलून सांगाडा पुन्हा वापरणं मुळीच अवघड नाही.

२०२३ साली देशात सुमारे १४ कोटी टन कच्चं पोलाद तयार झालं. सेकंदाला साडेचार टनांच्या घरात, म्हणजे दर सेकंदाला दोनशेवर गाद्यांचे सांगाडे होतील एवढं. त्यापुढे आपली गादी म्हणजे काहीच नाही. भंगारवाला ती घेतो तेव्हाही नाखुशीने घेतो. वीस किलोंसाठी कापड फाडा, फोम खरवडा, क्लिपा तोडा, आणि मग दाबलं की पुन्हा उसळणारा तो पिंजरा हातगाडीवर बांधा. तरी तो शेवटी भट्टीत जातोच आणि जवळपास सगळं लोह परत मिळतं. मॅंगनीज तेवढं पूर्ण परत येत नाही. वितळताना त्याचा बराचसा भाग ऑक्सिजनला मिळून मळीत जातो, म्हणून दर नव्या घाणीत ते पुन्हा घालावं लागतं आणि त्यासाठी चिखल्याच्या खाणीत पाळी पुन्हा खाली उतरते.