उच्चशिक्षित शिक्षक आणि कामातील गोडी

एके काळी व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला मनुष्य प्राथमिक शाळेत शिक्षक होत असे. आज जिल्हा परिषदेच्या शाळांतून बी.ए., बी.एस्सी., एम.ए. झालेले अनेक शिक्षक पहिली-दुसरीचे वर्ग चालवितात. शाळेच्या दृष्टीने ही भाग्याचीच गोष्ट होय. परंतु ज्याने रसायनशास्त्राचा किंवा इतिहासाचा सखोल अभ्यास केला, त्याला वर्षानुवर्षे तीच मुळाक्षरे व तेच पाढे त्याच रीतीने शिकवावे लागले, म्हणजे त्याचे मन हळूहळू कामातून उठते. शरीर वर्गात आणि चित्त बदलीच्या अर्जात, अशी स्थिती होते. यात त्या शिक्षकाचे नुकसान होतेच. पण त्याहून मोठे नुकसान होते ते म्हसा परिसरातील एखाद्या वाडीवरून, घराण्यात प्रथमच, शाळेत आलेल्या मुलाचे. त्याला घरी अक्षर दाखविणारे दुसरे कोणी नसते.

हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनी सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेतन, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या ठिकाणची परिस्थिती यांतील उणिवांमुळे असंतोष निर्माण होतो. परंतु कामाविषयी गोडी उत्पन्न होते ती मुख्यत्वे स्वतः काम तडीस नेल्याने, जबाबदारी मिळाल्याने व केलेल्या कामाची कदर झाल्याने, असे त्यांना आढळले. या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि त्यातील बोध शाळेला लागू पडतो. वेतन, बदली, अशैक्षणिक कामांचा भार यांविषयीच्या तक्रारी दूर झाल्याच पाहिजेत. मात्र तेवढ्याने शिक्षकाचे मन वर्गात रमेल, असे नव्हे. त्याच्या विद्येला शाळेत काही काम मिळाले पाहिजे.

याचे उत्तम उदाहरण पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातच घडले. ताराबाई मोडक १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. शहरात मानाचे स्थान मिळविणे त्यांना अवघड नव्हते. तरीही १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ साली ते कार्य कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सोबत होत्या. (बोर्डी व कोसबाड ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात का नेऊ नये, या विचारातून अंगणवाडी आली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसोरी पद्धतीची महाग साधने परवडत नसल्याने शंख-शिंपले, बिया, पाने यांतून साधने तयार झाली. काम लहान मुलांचेच होते. परंतु त्यातील प्रश्न मोठ्या बुद्धीला पुरून उरतील असे होते.

म्हसा व एकंदर मुरबाड-शहापूर भागात अशा प्रश्नांना तोटा नाही. ठाकूर व कातकरी मुलांच्या घरची बोली पाठ्यपुस्तकाच्या भाषेहून वेगळी असते. मराठीचा पदवीधर शिक्षक या बोलीतील शब्द जमवून त्यांवरून पहिलीचे वाचनपाठ तयार करू शकेल. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. परत आलेले मूल नेमके काय विसरले, याची पद्धतशीर नोंद ठेवणे हेही एक संशोधनच होय. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेत बैलांचा बाजार भरतो. वाणिज्य शिकलेल्या शिक्षकाला त्यात नफा-तोट्याचे जिवंत गणित सापडेल. या भागात पावसाळ्यात पाऊस धो-धो कोसळतो, शहापूर तालुक्यात भातसा व तानसा यांसारखी धरणे आहेत, आणि तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते. हे असे का होते, हे विज्ञानाच्या शिक्षकाने साध्या बाटलीचे पर्जन्यमापक करून मुलांसह तपासावे.

यासाठी मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांनी पुढील गोष्टी कराव्यात. प्रत्येक शिक्षकाला त्याच्या अभ्यासाला साजेसा एक प्रश्न स्वतः निवडू द्यावा. वरून लादू नये. त्यासाठी आठवड्यातून थोडा निश्चित वेळ राखून द्यावा व त्यापायी नवे तक्ते, नवे अहवाल मागू नयेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्याला आपले अनुभव, फसलेल्या प्रयोगांसह, सांगू द्यावेत. उपयुक्त ठरलेले काम इतर शाळांत नेताना ते ज्याचे त्याच्या नावानेच न्यावे. एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाला सहकारी नसतो. त्याच्याकडे केंद्रप्रमुखांनी विशेष लक्ष पुरवावे.

शिक्षकानेही कोणी सांगण्याची वाट पाहू नये. आपल्या वर्गातील जे मूल सर्वांत मागे आहे, ते कोठे अडते व का अडते, एवढा एकच प्रश्न घेऊन वर्षभर टिपण ठेवावे. पहिलीच्या वर्गात उच्च शिक्षण वाया जाते, हा समज मग आपोआपच दूर होईल. आणि ते मूल वाचू लागले, म्हणजे शिक्षकाच्या पदवीचेही सार्थक होईल.