हिशेब कच्चा, कौशल्य कमी
'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२३ साली २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात १४ ते १८ वयाची ८६.८ टक्के मुले शिक्षणसंस्थांत दाखल होती. पण तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३.३ टक्क्यांना जमले. व्यावसायिक प्रशिक्षण घेणारे फक्त ५.६ टक्के निघाले. म्हणजे पाया आणि कौशल्य, दोन्हीकडे उणीव आहे. शाळा म्हणजे कामगार घडवणारा कारखाना नव्हे, हा शाळेत कौशल्ये शिकवण्यावरचा आक्षेप रास्त आहे. परंतु माप घेणे, खर्चाचा अंदाज बांधणे, सूचना वाचून काम करणे हेही शिक्षणच. पुणे जिल्ह्यातील पाबळला १९८३ साली सुरू झालेल्या विज्ञान आश्रमाने कामातून शिकण्याची ही रीत माध्यमिक शाळांपर्यंत नेली. कौशल्याचा तास गणित-विज्ञानाशी जोडला, तरच दोन्ही उणिवा भरून निघतील.