जुन्या विंडोजचा मागे राहिलेला पसारा

कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या साफसफाईवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु ज्या कपाटात पूर्वी सभासदांची वही, वर्गणीची स्थळप्रत आणि ग्रॅच्युइटीच्या दाव्यांचे कागद असत, त्याची जागा आता संगणकाने घेतली आहे. कामगाराची वीस वर्षांची नोकरी सिद्ध करणारा कागद गेला, तर न्यायालयात तोंडी सांगून भागत नाही. म्हणून हा विषय आम्हांला आमचाच वाटतो.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. त्यामुळे कित्येक कचेऱ्यांनी विंडोज 11 बसवून घेतले. नवी प्रणाली बसते तेव्हा जुनी लगेच नाहीशी होत नाही. ती ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या कप्प्यात बांधून ठेवली जाते आणि पुष्कळदा दहा-वीस जीबी जागा अडवते. डिस्क लहान असली की ही अडगळ डोळ्यांत खुपते व ती झटकन काढण्याचा मोह होतो.

ती तेथे का ठेवतात, हे आधी समजून घ्यावे. नव्या खोलीत नळाला पाणी येते की नाही हे पाहिल्यावाचून शहाणा भाडेकरू जुन्या खोलीची किल्ली देत नाही. नवी प्रणाली रुचली नाही, तर ‘गो बॅक’ या सोयीने मागे फिरता येते, ते याच कप्प्याच्या जोरावर. ही मुदत 2015 साली एक महिन्याची होती. 2016 पासून ती दहा दिवसांची झाली. मुदत संपली की विंडोज तो कप्पा आपणहून काढून टाकते. तेव्हा ‘आहे तिथे राहू द्या, पुढे पाहू’ हे धोरणही सुरक्षित नाही.

यात खरी मेख आहे. जुन्या फाइली न राखता प्रणाली नव्याने बसवली असेल, तर आपले कागद विंडोज.ओल्डमधील ‘यूजर्स’ या कप्प्यात पडलेले असू शकतात. तो उघडून पाहावा. हवे ते बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि त्या प्रतीतील चार फाइली उघडून खात्री करावी. छपाईयंत्र चालते का, जुन्या मराठी अक्षरसंचातील पत्रे नीट दिसतात का, हिशेबाची वही उघडते का, हेही याच दहा दिवसांत तपासावे.

मग काढण्याची वेळ. कप्पा हाताने ओढून कचरापेटीत टाकू नये. त्यातील बऱ्याच फाइली प्रणालीच्या ताब्यात असतात व काम अर्धवट अडते. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ या वाटेने जाऊन ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ एवढ्यावरच खूण करावी. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते, तेथे चुकून खूण राहिली, तर आपलेच कागद जातील. एकदा काढले, की मागची वाट बंद झाली.

ही भीती काल्पनिक नव्हे. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 ची नवी आवृत्ती आली. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’सारखा कप्पा दुसऱ्या जागी हलवला होता, पण काही फाइली मूळ जागीच राहिल्या होत्या, अशांपैकी काहींच्या त्या फाइली पुसल्या गेल्या. मूळ जागेचा कप्पा आता निरुपयोगी, असे धरून यंत्राने तो आतल्या मालासकट काढला होता. कंपनीने वितरण थांबवले व दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरमध्ये दिली. तक्रारी प्रमाणाने अगदी थोड्या होत्या. पण ज्याचा कागद गेला त्याला प्रमाण सांगून काय उपयोग?

यास्तव प्रत्येक संस्थेने हे काम एका जबाबदार माणसाकडे सोपवावे. प्रणाली कधी बदलली, प्रत कोठे ठेवली, ती कोणी तपासली, याची तारखेसह नोंद इतिवृत्तात करावी. ती नोंद झाल्यावरच जुना कप्पा काढावा, आधी नव्हे.