दार उघडल्यावर

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'द मंकीज पॉ' ही 1902 सालची कथा भयकथांच्या वाचकांना पाठ असते. हिंदुस्थानातली नोकरी संपवून परतलेला एक सार्जंट-मेजर फकिराने मंतरलेला माकडाचा पंजा घेऊन येतो. घरातला बाप त्या पंजाकडे दोनशे पौंड मागतो, आणि ते मिळतात कारखान्याच्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. मग आईच्या हट्टापायी मुलालाच परत मागितलं जातं. रात्री दारावर थापा पडतात, आई कडी काढायला धावते आणि बाप शेवटचा वर मागून आलेल्याला परत धाडतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा असतो. बाहेर काय उभं होतं ते न दाखवण्यातच जेकब्सचं सगळं कसब आहे. बॉब क्लार्क यांनी दिग्दर्शित केलेल्या 'डेथड्रीम' या 1974च्या भयपटात पटकथाकार ॲलन ऑर्म्सबी यांनी या कथेत दोन बदल केले. मेलेला मुलगा आता स्वतःच सैनिक झाला, आणि दार वेळेवर उघडलं. हा दुसरा बदल गरीब निर्मात्याला महागात पडणारा. दार उघडलं की दारातलं माणूस दाखवावं लागतं, आणि तेही तासाभराहून अधिक. ते या चित्रपटाने कसं निभावलं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. माझ्या मते भय त्या मुलात फारसं नाहीच. ते त्याला आत घेणाऱ्यांच्या वागण्यात आहे, आणि चित्रपटातली जवळजवळ प्रत्येक काटकसर तिकडेच बोट दाखवते.

युद्धापासूनच पाहा. व्हिएतनाम इथे सुरुवातीच्या काही मिनिटांत आटोपतं. काळोख, झाडी, गोळ्या, कोसळणारा अँडी ब्रूक्स आणि परत येण्याच्या वचनाची आठवण देणारा आईचा आवाज, एवढंच. मग लगेच जेवणाचं टेबल येतं. वडील मांस कापून वाढताहेत आणि लष्करी अधिकारी मृत्यूची खबर घेऊन दारात उभा आहे. पुढची कथा घडते ती गावातच, आणि चित्रीकरणही फ्लोरिडातल्या ब्रुक्सव्हिल या लहान गावात झालं. मोठं युद्ध उभं करण्याची ऐपत नव्हती, म्हणून सारा भार चेहऱ्यांवर आला. आणि चेहरे तर अव्वल होते. आईवडील झालेले लिन कार्लिन आणि जॉन मार्ले हे जॉन कॅसाव्हेट्स यांच्या 'फेसेस'मध्ये (1968) मोडकळीला आलेलं जोडपं म्हणून दिसले होते; कार्लिन यांना त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकनही होतं. म्हणूनच अँडी घरी येतो तो प्रसंग इतका जमला आहे. तू मेल्याचं आम्हाला कळवलं होतं, असं घरचे सांगतात. तो म्हणतो, मेलोच होतो. क्षणभर शांतता, मग तो किंचित हसतो आणि सगळे सुटल्यासारखे हसत सुटतात. खरी गोष्ट त्याने पहिल्याच भेटीत सांगून टाकली आहे. ऐकायची नाही म्हणून ती थट्टा ठरते.

रंगभूषेतही हाच हिशेब दिसतो. ती ऑर्म्सबी यांनीच सांभाळली आणि त्यांच्या हाताखाली होते टॉम सॅव्हिनी, जे पुढे या कामात फार मोठं नाव झाले. सॅव्हिनी व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार होते. अँडी एकदम पिशाच होत नाही. त्याची भूमिका करणारे रिचर्ड बॅकस यांचा चेहरा आधी नुसता फिकट आहे, नजर थिजलेली. तो जेवत नाही, झोपत नाही, खोलीत खुर्चीवर झुलत बसतो, आणि त्या खुर्चीची करकर घरभर ऐकू येते. करकरीला खर्च किती येणार? पण कुठल्याही मुखवट्यापेक्षा ती जास्त छळते. पुढे कातडी सुकू लागते, तेव्हा काळा चष्मा आणि हातमोजे येतात. झाकल्यामुळे रंगभूषेचं काम कमी होतं हे उघडच आहे. पण झाकाझाक हाच तर त्या घराचा धंदा आहे. वडिलांना कळतं, ते दारू पितात. आईलाही कळतं, पण ती कबूल होत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप असा की, युद्धातून परतलेल्या माणसाला रक्तपिपासू दाखवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. आक्षेप पोकळ नाही. अँडी पोरांच्या देखत घरचा कुत्रा एका हाताने गळा दाबून मारतो, डॉक्टरचा खून करून त्याचं रक्त सुईने स्वतःच्या हातात टोचून घेतो. 1971 साली निक्सन सरकारला सैनिकांच्या हेरॉइनच्या व्यसनाची जाहीर दखल घ्यावी लागली होती. त्या प्रेक्षकाला सुईचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको होता. तरीही हा चित्रपट सैनिकाकडे बोट दाखवतो असं मला वाटत नाही. डॉक्टरला मारताना अँडी हिशेब मांडतो: मी तुमच्यासाठी मेलो, आता तुम्ही परतफेड करा. हे विकृत आहे, पण निराधार नाही. त्याला कुणी पाठवलं आणि कुणी परत ओढून आणलं, हे दोन्ही प्रश्न चित्रपट गावापुढे ठेवतो. वडिलांच्या पिढीकडे जुन्या युद्धाच्या अभिमानाने सांगायच्या आठवणी आहेत. अँडीकडे सांगण्याजोगं काहीच नाही, आणि त्याला कुणी नीट विचारतही नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात आघातोत्तर तणावाच्या विकाराला जागा मिळाली 1980 साली, चित्रपटानंतर सहा वर्षांनी.

दुसरा आक्षेप काटकसरीच्या कौतुकाचा. नंतर आलेल्या कीर्तीमुळे गरिबीचा गुण केला जातो, असं कुणी म्हणेल, आणि निम्मं ते खरंच आहे. पोलीस तपासाचे प्रसंग सपाट आहेत. ड्राइव्ह-इन थिएटरातला हल्ला आणि मोटारींचा पाठलाग हे कुठल्याही स्वस्त भयपटात खपून गेले असते. पण कुठे बिघडतं तेही ध्यानात घ्यावं. चित्रपट घराबाहेर पडून मोठा व्हायला जातो तिथेच तो घसरतो, आणि आई पुन्हा शेजारी येऊन बसताच सावरतो. तिनेच अखेर त्याला गाडीत घालून दफनभूमीत नेलं, आणि पोलिसांपुढेही मुलगा घरी आल्याचंच सांगितलं. जेकब्सच्या म्हाताऱ्याने तिसरा वर मागून बायकोला हे पाहण्यापासून वाचवलं होतं. 'डेथड्रीम'मधला बाप आधीच स्वतःवर गोळी झाडून मोकळा झालेला असतो. मूळ कथेपेक्षा हा शेवट क्रूर आहे आणि मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: हा चित्रपट 'डेड ऑफ नाइट' या नावानेही प्रदर्शित झाला, पण त्याच नावाचा 1945चा ब्रिटिश भयपट अगदी वेगळा आहे, तेव्हा शोधताना 'डेथड्रीम' हेच नाव वापरावं.